दुखंल, पण सांगून

माझा धंदा माणसांना झोपवण्याचा. ऑपरेशनच्या टेबलाशी रोग्याच्या डोक्याजवळ उभं राहायचं, त्याच्या नाकातोंडावर जाळी धरायची, तिच्यावर क्लोरोफॉर्मचे नाहीतर ईथरचे थेंब सोडायचे आणि तो पुन्हा जागा होईपर्यंत त्याच्या श्वासावर लक्ष ठेवायचं. याच कामात मी म्हातारा झालो. पुढं मोठ्या शहरांत काम केलं, नवी नवी यंत्रं हाताळली. पण लहान मुलाला झोपवायचं असलं, की अगदी शेवटच्या वर्षापर्यंत मी आदल्या दिवशी त्याच्या खाटेपाशी जाऊन जमिनीवर बसत असे. बरोबरचे तरुण डॉक्टर एकमेकांकडं बघत. त्यांना वाटे, म्हातारपणाची लहर असेल. लहर नव्हती. निकमबाईंच्या हाताखाली जो राहिला, त्याला उभ्यानं मुलांशी बोलताच येत नसे.

दुसरी मोठी लढाई सुरू झाली त्या सुमाराला मी डॉक्टरकीची परीक्षा देऊन सांगलीजवळच्या एका दवाखान्यात लागलो होतो. कौलारू, दगडी इमारत, पुढं लिंबाची झाडं आणि त्यांच्याखाली रोग्यांबरोबर आलेल्या लोकांच्या चुली. आष्टा, तासगाव, थेट जतकडचे लोक बैलगाडीनं येत. सातारा-लोणंदकडचे रेल्वेनं येत. मोठ्यांच्या खोल्यांपलीकडं एक लांबट खोली होती, तिला सगळे पोरांची खोली म्हणत.

मुलांना झोपवण्याची तेव्हाची पद्धत म्हणजे धरून ठेवणं. एकानं पाय धरायचे, एकानं हात, तिसऱ्यानं डोकं, आणि मी जाळी. बहुतेक मुलांना कुठं आणलंय हेच सांगितलेलं नसे. कुणाला मामाच्या गावाला जायचं म्हणून आणलेलं, कुणाला नवी टोपी घ्यायला. आष्ट्याकडच्या एका पोराला बापानं गणपतीच्या देवळातला हत्ती दाखवतो म्हणून सांगलीला आणलं होतं. टेबलावर आडवं करेपर्यंत ते "हत्ती कुटं हाय?" असं विचारत होतं. जाळी तोंडाशी आली तेव्हा त्यानं माझ्या अंगठ्याचा असा चावा घेतला, की त्याचा वण अजून दिसतो. पोर बरं झालं. पण घरी जाईपर्यंत ते बापाशी एक शब्द बोललं नाही, आणि मी खोलीत पाऊल टाकलं की भिंतीकडं तोंड फिरवी. आमचे मोठे डॉक्टर म्हणत, "वेळ कुणाला आहे समजावत बसायला? पोर आहे, विसरेल." मलाही तसंच वाटे.

पुढच्या वर्षी पोरांच्या खोलीवर निकमबाई आल्या.

लोणंदजवळच्या एका खेड्यातल्या शेतकऱ्याची ही लेक. लग्नानंतर दोनतीन वर्षांतच नवरा गेला. सासरमाहेर दोन्हीकडच्या लोकांशी भांडून ती पुण्याला जाऊन नर्स झाली. यापलीकडं त्यांच्याबद्दल आम्हाला काही माहीत नव्हतं आणि त्याही सांगत नसत. ठेंगणी, रुंद बांध्याची बाई. आवाज शेताच्या बांधावरून हाळी घालणाऱ्या बाईचा. सकाळी दातांना मिश्री लावून होईपर्यंत त्यांच्याशी बोलायची कुणाची हिंमत नव्हती. चालताना पाय असे आपटत, की व्हरांड्याच्या टोकापासून त्या आल्याचं कळे. मोठ्या डॉक्टरांनी एकदा हळू चालायला सांगितलं, तर म्हणाल्या, "चोरपावलानं आलेल्या माणसावर पोरं इस्वास ठेवत न्हाईत, साहेब. मी येत्येय हे त्यांना कळाय पायजे."

मुलांवर प्रेम करणारी बाई म्हटलं, की जे चित्र डोळ्यांसमोर येतं तशा त्या मुळीच नव्हत्या. सोन्या, राजा, बाळ असलं काही त्यांच्या तोंडून निघत नसे. गाणी येत नव्हती. खाऊ आणत नसत. मुलाला हाक मारायची ती पूर्ण नावानं, पाहुण्याला मारावी तशी. "दत्तात्रय ज्ञानू माळी, हिकडं बगा." मग त्याच्यापाशी फतकल मारून बसायचं. बसताना गुडघे कडाकडा वाजत. आणि मग त्याला काय झालंय, उद्या त्याचं काय करणार आहेत, ते सगळं सांगायचं. काही लपवायचं नाही.

"दुखंल का?" हा प्रश्न प्रत्येक मूल विचारी. बाईंकडं दुखण्याची स्वतःची मापं होती. मुंगी, बाभळीचा काटा, गांधीलमाशी आणि विंचू. सुई म्हणजे काटा. पट्टी सोडताना दोन मुंग्या. ऑपरेशननंतरचा पहिला दिवस गांधीलमाशीचा. कुठल्याशा पोरानं डोळे मोठे करून विचारलं, "इंचू कवा?" तर बाई विचार करून म्हणाल्या, "तुज्या दुखण्याला इंचू न्हाई. त्या खाटंवरच्याला हुता, पर त्येचा कालच हून गेला." त्या खाटेवरचं पोर एवढं फुशारून बसलं, की विचारू नका.

आईबाप, मावश्या, चुलते मुलांना कुरवाळत म्हणायचे, "काय होत न्हाई रं, काय होत न्हाई." हे तीन शब्द बाईंना सहन होत नसत. त्या सरळ म्हणत, "हितं ह्ये बोलायचं न्हाई. काय होत नसतं तर गाडीबैल जुपून हितं कशाला आला असता?" एका गुजर व्यापाऱ्याला, चांगला पैसेवाला माणूस, त्यांनी याच कारणावरून खोलीबाहेर काढलं होतं. नातेवाइकांशी त्या फार तुसडेपणानं वागत, हे खरं आहे. पुष्कळदा मला मागाहून जाऊन समजूत घालावी लागे. एकदा मी तसं बोललो तर म्हणाल्या, "दुखंल, पण सांगून दुखंल. न सांगता दुखलं की पोर दुखण्याला न्हाई, माणसाला भितंय."

आल्यावर महिन्याभरातच त्या माझ्या खोलीत आल्या. "धाकटं डॉक्टर, तुमची ती जाळी द्या."

जाळी म्हणजे तारेचा घुमटासारखा सांगाडा, त्यावर फडकं ताणलेलं. मी म्हटलं, "कशाला?"

"आणि तुमी बी चला."

पोरांच्या खोलीत दुसऱ्या दिवशीच्या ऑपरेशनची दोन मुलं बसलेली होती. मला बघून ती आक्रसली. बाईंनी जाळी त्यांच्यापुढं धरली. "ह्ये काय हाय?"  मग एकजण हळूच म्हणाला, "मुसकं." मळणीच्या वेळी बैलानं धान्याला तोंड लावू नये म्हणून त्याच्या तोंडाला बांधतात, ते. बाई म्हणाल्या, "बराबर. आता बैल कोन?" आणि मला काही कळायच्या आत त्यांनी ते माझ्या तोंडावर बसवलं. सगळी खोली हसली. पोटाला पट्ट्या बांधलेली पोरंही पोट धरून हसली. मग ती जाळी हातोहात फिरली. ज्यानं त्यानं तोंडाला लावून पाहिली. दुपारी बाईंनी त्यांना ऑपरेशनच्या खोलीत नेऊन टेबल दाखवलं, वरचा दिवा दाखवला, खिडकीतून लिंब दिसतो तोही दाखवला. दुसऱ्या दिवशी त्यातला मोठा मुलगा आपल्या पायांनी चालत आला. मला म्हणाला, "तुमीच ना बैल?" आणि आडवा झाला. कुणी धरलं नाही.

मोठ्या डॉक्टरांना हे पोरखेळ वाटत होते. पण शांत मुलाला ईथर कमी लागतं. लढाईच्या दिवसांत ईथरची मारामार होती. तेवढ्यासाठी ते गप्प राहिले. पुढं पुढं तेही आदल्या दिवशी खोलीत डोकावून जाऊ लागले. खाली मात्र बसले नाहीत.

एकदा रजेवर आलेला एक हवालदार आपल्या मुलाला घेऊन आला. मुलाच्या नडगीचं हाड किडलं होतं, ते खरवडून काढायचं होतं. हणमंत त्याचं नाव, आठनऊ वर्षांचा. हवालदार छाती काढून म्हणाला, "मराठ्याचं पोर हाय, बाई. त्याला काय सांगायची गरज न्हाई. रडणार न्हाई ते."

"आन रडलं तर?"

"तर बापाचं नाव घालवलं म्हणायचं."

पोर खाली मान घालून पायाचा अंगठा जमिनीवर घासत होतं. बाईंनी हवालदाराला खाली बसायला लावलं. पल्टणीतला गडी, बूट घातलेला, अवघडून बसला.

"दादा, लढाईवर निघताना बोटीत बसवलं तवा कुटं चाललाय ते सांगितलं हुतं का तुमाला?"

"छ्या! फौजेत सांगत्यात व्हय? मुंबईला बोटीत भरलं. कोन म्हणं बसरा, कोन म्हणं सिंगापूर."

"मंग कसं वाटलं?"

हवालदार मिशीवरून हात फिरवत राहिला. मग आवाज उतरला. "मरणाचं भ्या न्हाई वाटलं, बाई. पर कुटं नेत्यात ते ठाऊक नसनं, त्येचं वाटलं बगा. आमच्यातला एक तालमीतला गडी, ह्यो असा आडदांड, बोटीच्या कठड्याला धरून लहान पोरागत रडला."

 बाईंनी हणमंताकडं बघितलं. मग हवालदारानंच विचारलं, "उद्या कसं कसं करनार हाय?" बाईंनी त्याला एकेक सांगितलं. त्यानं ते ऐकून घेतलं आणि मग लेकाकडं वळून आपल्या भाषेत सांगायला सुरुवात केली. "आइक हणमंता. सकाळी फजरला न्याहारी बंद, तसा आर्डर हाय. मंग ष्ट्रेचर यील. ह्ये डॉक्टर मुसकं लावत्याल. वास वंगाळ हाय, पर त्यो वडून घ्यायचा. उठशील तवा पायाला प्लाष्टर आसंल आन मी बाजूला आसंन." आणि शेवटी म्हणाला, "दुखलं तर वरड. आमच्या पल्टणीत समदी वरडत्यात."

हणमंत शुद्धीवर आल्यावर सगळा दवाखाना दणाणून जाईल असा ओरडला. हवालदार त्याचा हात धरून बसला होता आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होता, "वरडू द्या. म्याच सांगितलंय."

पण बाईंचा खरेपणा एकदा फार महागात पडायची वेळ आली होती. ती गोष्ट सांगितल्याशिवाय त्यांचं चित्र पुरं होणार नाही.

यशवंत नावाचा एक मुलगा विषमज्वरानं आजारी होऊन आला. आतड्याला भोक पडलं होतं. मोठ्या डॉक्टरांनी ऑपरेशन केलं, पण उपयोग झाला नाही. दुपारी तो गेला. त्याला खोलीतून हलवल्यावर मुलं विचारू लागली. वॉर्डातला शिपाई सांगून मोकळा झाला, "त्यो घरी गेला." दत्तू माळी, ज्याला बाई दत्तात्रय ज्ञानू म्हणत, त्याच्या मुतखड्याचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी व्हायचं होतं. तो म्हणाला, "त्येच्या व्हाणा तर हितंच हायती."

बाई आल्या, खाली बसल्या. म्हणाल्या, "यशवंत मेला. त्येचं आतडं फाटलं हुतं. डॉक्टर लय झटलं, पर न्हाई जमलं."

 मग एका मुलीनं विचारलं, "त्येला दुकलं का?"

"आदी लय दुकलं. शेवटाला न्हाई. झोपेत हुता."

"आमी बी मरनार?"

"त्येचं दुखणं येगळं हुतं." आणि बाईंनी प्रत्येकाच्या खाटेपाशी जाऊन त्याचं त्याचं दुखणं काय आहे ते पुन्हा सांगितलं. मुलं ऐकत होती. काही रडली. बाईंनी रडू दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दत्तूची खाट रिकामी होती. पोरानं आईला सगळं सांगितलं आणि आई त्याला घेऊन पहाटेच गाडीनं गावी निघून गेली होती. खडा पोटात तसाच.

मोठ्या डॉक्टरांनी बाईंना बोलावलं. मी तिथंच होतो. एवढं संतापलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "खरं बोलायलाही वेळकाळ असतो, बाई. पोरांच्या आयांना आधी विश्वासात घ्यायचं होतं. त्या मुलाचं काही बरंवाईट झालं तर तुमचं खरं त्याला परत आणणार आहे?"

बाई म्हणाल्या, "आयांना आदी सांगाय पायजे हुतं. त्ये चुकलं माझं." इतक्या सहज त्या चूक कबूल करतील असं मला वाटलं नव्हतं. मग म्हणाल्या, "पर साहेब, मेलेल्याला घरी गेला म्हणायला लावू नगा. उद्या ह्या पोरांस्नी आपण खरंच घरी सोडतो म्हणलं, तर त्यांना काय वाटंल?"

  मोठे डॉक्टर चष्मा काढून पुसत बसले. शेवटी म्हणाले, "रविवारी दत्तूच्या गावी जायचं असलं तर माझी हरकत नाही. जाऊन बघा. धाकट्या डॉक्टरांना बरोबर न्या."

आष्ट्याच्या अलीकडं एका मळ्यात दत्तूच्या घरच्यांचं गुऱ्हाळ चालू होतं. आम्ही गाडीनं निघालो. दोन्ही बाजूंनी तोडणीला आलेला ऊस. वाटेत बाई आपणहून बोलल्या, आणि तेवढ्याच एकदा स्वतःबद्दल बोलल्या. त्यांची धाकटी बहीण लहानपणी कानानं आजारी होती. बापानं जत्रेला नेतो म्हणून तिला साताऱ्याला नेलं. तिथं चौघांनी धरून कानामागं चिरा दिला. "कान बरा झाला तिचा," बाई म्हणाल्या. "पर परत बापाचा हात धरून ती कुटं गेली न्हाई. लगीन झालं, लेकरं झाली. बाप मरायला टेकला तवा त्यो हात फुडं करत हुता. तिनं धरला. पर लय वेळ लागला तिला धरायला."

गुऱ्हाळावर काहिलीतून रसाची वाफ उठत होती. आम्हाला बघताच दत्तूची आई पुढं आली आणि हात आडवे करून उभी राहिली. "माझं लेकरू मी देनार न्हाई."

"मी न्यायला न्हाई आली, बया. सांगायला आली," बाई म्हणाल्या. "यशवंताचं तुला आदी सांगाय पायजे हुतं. नंतर पोरांना. त्ये चुकलं."

आईला हे अपेक्षित नसावं. ती तशीच उभी राहिली. दत्तूच्या आज्यानं आम्हाला रस दिला. आम्ही बसून प्यालो. बाईंनी पुन्हा विषय काढला नाही. गुळाच्या उताऱ्याचं, बाजारभावाचं बोलत राहिल्या. माझी चुळबुळ चालली होती. मग चिपाडांच्या ढिगामागून दत्तू बाहेर आला. चेहरा उतरलेला, ओटीपोटावर हात. येऊन बाईंपुढं बसला.

"बाई, मी मरंन का?"

काहिली ढवळणारा गडी थांबला. आईनं तोंडावर पदर घेतला. 

बाई म्हणाल्या, "बहुतेक न्हाई. ह्या दुखण्याची लय पोरं म्या बरी हून जाताना बगितल्यात. पर शप्पत घ्यून सांग म्हणशील, तर त्ये मला येत न्हाई. न्हाई आलास तर खडा वाढंल आन दुखणं वाढंल, एवढं मातुर शप्पत घ्यून सांगते."

दत्तू जमिनीवरचं एक चिपाड सोलू लागला. मग माझ्याकडं बोट करून म्हणाला, "मुसकं ह्येच धरनार?"

"व्हय. ह्येच."

"मधनं उठून जायाचं न्हाई."

"नाही जाणार," मी म्हणालो.

पोरगं उठलं आणि आईला म्हणालं, "आई, टोपी दे माझी."

परतताना दत्तू आईच्या मांडीवर डोकं ठेवून झोपला होता. बाई गाडीच्या मागच्या टोकाला बसल्या होत्या.  मग माझ्याकडं न बघता हळू आवाजात म्हणाल्या, "डॉक्टर, ह्यो मेला तर?"

   मला तेव्हा कळलं, की खोटा धीर देणाऱ्याला नंतर कसली जबाबदारी राहत नाही. या बाईनं मात्र ती सगळी स्वतःच्या अंगावर घेतली होती.

त्या आठवड्यातच ऑपरेशन झालं. सुपारीएवढा खडा निघाला. दत्तू शुद्धीवर आल्यावर आधी त्यानं मला विचारलं, "उठून गेला न्हाईसा न्हवं?" बाई तेव्हा खोलीत नव्हत्या. मी शोधत गेलो तर लिंबाखालच्या दगडावर बसल्या होत्या. मी सांगितलं. त्यांनी मान हलवली, तोंड धुतलं आणि पाय आपटत पोरांच्या खोलीकडं निघाल्या.

ठकूची गोष्ट त्यानंतरची. ठकू धनगराची पोर, जतकडची. लहानपणी चुलीत हात भाजून तिची बोटं तळहाताला चिकटली होती. ती सोडवायला एकामागून एक ऑपरेशनं करावी लागली, त्यामुळं ती वर्षभर येऊनजाऊन आमच्याकडंच होती. ईथरच्या बाबतीत तिच्याएवढं अनुभवी दवाखान्यात कुणी नव्हतं. बोलायला फटकळ. बाईंचं आणि तिचं चांगलं जमे.

अशात बाईच आजारी पडल्या. आंत्रपुच्छ, म्हणजे अपेंडिक्स, सुजलं. ऑपरेशन करायचं ठरलं. आणि या बाई घाबरल्या. साध्यासुध्या नाहीत, चांगल्या घाबरल्या.  मी काही समजावू लागलो तर म्हणाल्या, "तुमी नगा. तुमी जाळीच्या ह्या अंगाला असता. ठकूला बोलवा."

ठकू आली. खाटेवर चढून बसली. बाईंनी विचारलं, "ठकूबाई बिरा धनगर, कसं असतंय गं?"

ठकूनं विचार केला. "वास येतुय. घसा कडू हुतुय. त्ये तुमी सांगता त्ये समदं खरं हाय. पर एक तुमी सांगत न्हाई."

"काय?"

"कानात गिरण चालू हुती. पिठाची. लय जोरात. मला पयल्या बारीला वाटलं, गिरणीत घालत्यात का काय."

बाई उठून बसल्या. "आन ह्ये तू मला आजवर सांगितलं न्हाईस?"

"तुमी इचारलं कुटं?" ठकू म्हणाली. मग बाईंचा चेहरा बघून तिनं जोडलं, "थोडा येळच चालती. मंग बंद."

टेबलावर मी जाळी धरली. थेंब सोडू लागलो. डोळे जड होता होता बाईंचे ओठ हलले. मी वाकून ऐकलं. "डॉक्टर... सुरू झाली गिरण." आणि त्या झोपल्या.

शुद्धीवर येऊन पुरत्या बोलूही लागल्या नव्हत्या, तोच त्यांनी ठकूला हाक मारली. त्यानंतर पोरांच्या खोलीतल्या प्रत्येक मुलाला जाळी दाखवताना कानातली गिरणही सांगितली जाऊ लागली. सांगायचं काम ठकूकडं. बाई मागं बसून ऐकत आणि कुठं चुकलं तर टोकत. ठकूला ते आवडत नसे.

स्वातंत्र्य आलं त्याच्या पुढच्या वर्षी बाईंची आई अंथरुणाला खिळली. घरात करणारं कुणी नव्हतं, म्हणून त्यांनी नोकरी सोडली. निरोपसमारंभ वगैरे त्यांनी करू दिला नाही. पण मुलांना त्यांनी आठवडाभर आधीपासून सांगून ठेवलं होतं, कुठल्या दिवशी जाणार, का जाणार, परत येणार नाही. त्या दिवशी मुलं खूप रडली. बाई प्रत्येकाच्या खाटेपाशी बसल्या. मोठे डॉक्टर दारापर्यंत पोचवायला गेले. त्यांचं काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. परत आल्यावर ते पोरांच्या खोलीत गेले आणि एका खाटेच्या कडेवर टेकले.

त्यानंतर मी बाईंना एकदाच पाहिलं, तेही लांबून. मी पुण्याला चाललो होतो. लोणंदला गाडी थांबली. फलाटावर कांद्याची पोती रचली होती. मिरजेकडं जाणाऱ्या गाडीची वाट बघत माणसं बसली होती. पोत्यांच्या आडोशाला एक बाई आपल्या पाचसहा वर्षांच्या मुलाला घेऊन बसली होती. मुलाच्या गळ्याभोवती फडकं गुंडाळलेलं, एका बाजूला गळा सुजलेला; मिरजेला दवाखान्यात न्यायचा असणार. आणि त्याच्यासमोर फलाटावर मांडी घालून निकमबाई बसल्या होत्या. केस पांढरे झाले होते, आधीपेक्षा वाळल्या होत्या. शेजारी त्यांची बाजाराची पिशवी कलंडून पडली होती.

मी खिडकीतून हाक मारली. इंजिनाच्या वाफेच्या आवाजात ती त्यांच्यापर्यंत पोचली नाही. त्या मुलाशी बोलत होत्या. मूल टक लावून त्यांच्याकडं बघत होतं. बघता बघता त्याचा चेहरा बदलला आणि त्यानं भोकाड पसरलं. आईनं रागानं बाईंकडं पाहिलं, काहीतरी ताडताड बोलली आणि मुलाचा दंड धरून त्याला आपल्याकडं ओढलं. आजूबाजूचे लोक वळून बघू लागले. दुसरं कुणी असतं तर ओशाळून उठून गेलं असतं. बाई हलल्या नाहीत.

गाडी सुटली. मी खिडकीतून डोकं बाहेर काढून बघत राहिलो. पोरानं आईचा हात झटकून टाकला होता आणि ते पुन्हा बाईंपुढं येऊन बसलं होतं. ते रडत होतं, आणि रडता रडताच एकेक विचारत होतं. बाई मान हलवून उत्तरं देत होत्या. मग आईसुद्धा पुढं सरकून ऐकू लागली.